पेडल जोडू की प्रोग्राम लिहू?

माझं पीएचडीचं काम आवाजाच्या डिजिटल प्रक्रियेवर आहे असं कळलं, की गिटार वाजवणारे मित्र हमखास विचारतात: इफेक्ट घरी बनवायचा तर सोल्डरिंग आयर्न घ्यावं की लॅपटॉप? या प्रश्नामागे एक समजूत असते, की ॲनालॉग आवाज ‘उबदार’ आणि डिजिटल ‘कोरडा’. माझ्या मते हे सगळं कोणता इफेक्ट हवाय त्यावर ठरतं. डिस्टॉर्शन आणि एको, हे दोनच घेऊन बघू.

आधी डिस्टॉर्शन. इबानेझच्या ट्यूब स्क्रीमर या प्रसिद्ध पेडलचा गाभा अगदी छोटा आहे. एक ऑप-ॲम्प आणि त्याच्या फीडबॅकमध्ये एकमेकांच्या उलट दिशेने जोडलेले दोन सिलिकॉन डायोड. व्होल्टेज साधारण ०.६ च्या आसपास पोचलं की डायोड करंटला वाट करून देतो आणि आवाजाच्या लाटेचा माथा दबतो. लाटेचा आकार बदलला की तिच्यात मूळ वारंवारितेच्या तिप्पट, पाचपट, सातपट अशा नव्या वारंवारिता तयार होतात. आपल्याला आवडणारा तो खरखरीत, भरलेला आवाज यांचाच.

आता हेच कोडमध्ये करू. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल घेतले, तर त्यात २२,०५० हर्ट्झपर्यंतचेच आवाज मावतात. समजा गिटारच्या आवाजात ५,००० हर्ट्झचा एक घटक आहे. त्याची तिप्पट १५,०००, ती मावते. पण सातपट ३५,०००, ती मावत नाही. मग ती नाहीशी होते का? नाही! ती दुमडून खाली येते: ४४,१०० वजा ३५,०००, म्हणजे ९,१०० हर्ट्झ. हा आकडा ५,००० च्या कुठल्याच पटीत बसत नाही, म्हणून तो कानाला बेसूर लागतो. याला एलियासिंग म्हणतात. सिनेमात गाडीची चाकं कधीकधी उलटी फिरताना दिसतात ना, तोच प्रकार. गंमत म्हणजे तार ओढून सूर वर नेला, की हा घुसखोर सूर खाली उतरतो. ‘डिजिटल’ म्हणून ज्या आवाजाला नावं ठेवतात, त्यामागे बरेचदा हेच असतं.

यावर उपाय आहे. सॅम्पलची संख्या तात्पुरती आठपट, म्हणजे सेकंदाला ३,५२,८०० करायची, मग लाट दाबायची, वरच्या वारंवारिता फिल्टरने काढून टाकायच्या आणि पुन्हा मूळ संख्येवर यायचं. शिवाय डायोडचं समीकरण सरळ सुटत नाही. प्रत्येक सॅम्पलला अंदाज करायचा, चूक मोजायची, अंदाज सुधारायचा. हे सगळं एका सॅम्पलमागे जेमतेम २.८ मायक्रोसेकंदांत! आजचे प्रोसेसर हे करतात आणि नीट लिहिलेला प्रोग्राम पेडलच्या खूप जवळ जातो. पण काही रुपयांचे दोन डायोड हेच काम कुठलंही गणित न करता करतात.

एकोमध्ये मात्र पारडं उलटं फिरतं. अर्ध्या सेकंदाचा एको म्हणजे कोडमध्ये २२,०५० आकड्यांची एक यादी. अर्ध्या सेकंदापूर्वीचा आकडा काढायचा, थोडा लहान करायचा आणि आत्ताच्या आकड्यात मिळवायचा. दहा-बारा ओळींत काम होतं.

सर्किटमध्ये आवाज ‘थांबवून’ ठेवणार कुठे? त्यासाठी फिलिप्समध्ये १९६९ मध्ये बकेट-ब्रिगेड ही युक्ती निघाली. आग विझवताना माणसं रांगेत उभी राहून बादल्या पुढे सरकवतात, तसा विद्युतभार एका कपॅसिटरमधून दुसऱ्यात सरकवायचा. एमएन३००५ या चिपमध्ये असे ४,०९६ टप्पे असतात, तरी तिला जास्तीत जास्त ०.२ सेकंदांचाच विलंब जमतो. जास्त हवा तर चिपमागे चिप जोडायची, आणि प्रत्येक चिप थोडा खरखराट वाढवते.

म्हणजे आकार बदलणं तारांना सोपं, लक्षात ठेवणं कोडला सोपं. उबदार-कोरड्याच्या वादापेक्षा हा फरक जास्त उपयोगी आहे.

लॅपटॉपवर वाजवताना आणखी एक गोष्ट सांभाळायची, ती म्हणजे उशीर. १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे २.९ मिलिसेकंद, आत येताना आणि बाहेर जाताना मिळून तो वाढतो. दहा मिलिसेकंद झाले, तर ॲम्पपासून साडेतीन मीटरवर उभं राहून वाजवल्यासारखं होतं. तेवढं चालतं, त्याच्या दुप्पट-तिप्पट झालं की हात अडखळायला लागतात.

पहिल्यांदाच काही बनवत असाल, तर डिस्टॉर्शन ब्रेडबोर्डवर करा आणि एको कोडमध्ये. ब्रेडबोर्डवर एका बाजूला एकाऐवजी दोन डायोड लावून बघा. बॉसच्या एसडी-१ मध्ये हेच केलंय. लाट वरून आणि खालून वेगवेगळी दबते, त्यामुळे दुप्पट, चौपट वारंवारिताही उमटतात. फरक कानालाच कळेल.