झोताला भुलणाऱ्या वाट्या

हवामान केंद्राच्या गच्चीवर गरगरणारा तीन वाट्यांचा वायुवेगमापक दिसायला साधा, पण त्याला एक खोड आहे. वारा एकसारखा असेल तर तो चोख वागतो; झोतांचा असेल तर सरासरी वेग थोडा फुगवून सांगतो.

खोड जुनीच. आयर्लंडमधल्या आर्मा वेधशाळेच्या थॉमस रॉम्नी रॉबिन्सन यांनी 1846 मध्ये चार वाट्यांचा मापक मांडला, तेव्हापासूनची. वाटीच्या खोलगट बाजूवर वाऱ्याचा जोर फुगीर बाजूच्या तिपटीहून जास्त बसतो, म्हणून चाक फिरतं. झोत आला की वाट्या लगेच वेग घेतात. वारा पडल्यावर मात्र त्यांना रोखणारा जोर तितका नसतो, त्यामुळे त्या रेंगाळतात. चढ तत्काळ नोंदला जातो, उतार उशिरा.

एखाद्या टक्क्याने काय बिघडतं? पवनचक्कीवाल्याला विचारा. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाने वाढते. वेगात एक टक्का चूक म्हणजे ऊर्जेच्या अंदाजात तीन टक्के. साताऱ्यातलं वनकुसवडे असो वा धुळ्यातलं साक्री, प्रकल्पाचं गणित अशाच आकड्यांवर बसवायचं असतं.

म्हणून मापकाची परीक्षा विंड टनेलमध्ये होते. हवा ठरावीक वेगाने सोडायची, वाट्या अडवून धरायच्या आणि एकदम मोकळ्या करायच्या. अंतिम वेगाच्या 63 टक्क्यांपर्यंत पोचेतो जेवढी हवा समोरून सरकली, ते या मापकाचं अंतर. गंमत अशी, की ते सेकंदांत नव्हे, मीटरमध्ये सांगतात. तीन मीटरचा मापक सेकंदाला 6 मीटर वाऱ्यात अर्धा सेकंद घेतो, 12 मीटरमध्ये पाव. अंतर तेच.

पण ही झाली एका झटक्याची परीक्षा. खरा वारा सतत हेलकावतो, त्यासाठी काही टनेलमध्ये फिरत्या झडपा बसवून प्रवाह कमीजास्त करतात. शेजारी केसाहून कितीतरी बारीक, तापवलेली टंगस्टनची तार असते. हवेने ती किती थंड होते त्यावरून वेग कळतो, आणि तिला रेंगाळायला वजनच नसतं. तिच्या सरासरीपेक्षा वाट्यांची सरासरी किती वर गेली, ते पाहायचं.

मग फिरता भागच नसलेले, ध्वनिलहरींवर चालणारे मापक का नकोत? आहेत की. पण त्यांच्या दांड्याच वाऱ्याला आडव्या येतात. त्यामुळे त्यांना टनेलमध्ये थोडंथोडं वळवत पूर्ण फेरी मारावी लागते आणि दिशेगणिक दुरुस्ती ठरवावी लागते.