काटा किती आधी सांगतो?

साकीनाक्याला अंधेरी-कुर्ला रस्ता आणि साकी विहार रस्ता एकमेकांना छेदतात. वरून २०१४ पासून मेट्रो धावते. खाली खैरानी रोडच्या गाळ्यांतून निघालेला माल पिकअपच्या हौद्यात चढतो आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत बाहेर पडतो. यातल्या कित्येक गाड्या हप्त्यावर घेतलेल्या असतात. इंजिन उघडावे लागले तर खर्च होतोच, शिवाय गाडी उभी राहते तितक्या दिवसांची कमाईही बुडते. म्हणून डॅशबोर्डवर जादा मीटर बसवण्याचा विचार मालकाच्या मनात येतो, आणि तो योग्यच आहे. पण दुकानात टर्बोचा दाब, ऑइलचा दाब, पाण्याचे तापमान, धुराचे तापमान, बॅटरीचा व्होल्ट असे सगळेच काटे मांडलेले असतात. त्यातून निवड करताना एकच कसोटी लावावी: नुकसान होण्याआधी हा काटा मला किती वेळ देतो? या प्रश्नाचे उत्तर गाडी कोणत्या रस्त्यावर चालते, यावर बरेच अवलंबून असते.

पहिला आक्षेप सहज येतो. कंपनीने तापमानाचा काटा दिलेलाच आहे, ऑइलचा दिवाही आहे, मग आणखी कशाला? अनेक आधुनिक गाड्यांत तापमानाचा काटा मुद्दामच स्थिर ठेवलेला असतो. पाणी ८० अंशांवर असो वा १०० अंशांवर, काटा मध्यावरच राहतो, म्हणजे चालकाला उगीच धास्ती वाटत नाही. तो हलतो तेव्हा मधला सारा अवधी निघून गेलेला असतो. ऑइलच्या दिव्याचेही तसेच. त्याच्यामागे साधा दाबावर चालणारा स्विच असतो आणि साधारणपणे दाब अर्ध्या बारच्या आसपास किंवा त्याहून खाली गेल्यावरच तो दिवा लावतो. क्रँकशाफ्ट बेअरिंगमध्ये फिरतो तो ऑइलच्या पातळ पापुद्र्यावर तरंगत. भरलेली गाडी वेगात असताना तो पापुद्रा टिकायला अर्ध्या बारच्या कितीतरी पट दाब लागतो. त्यामुळे अर्ध्या बारला लागणारा दिवा बहुधा झालेल्या नुकसानीचीच खबर देतो. अनुभवी चालक आवाजावरून इंजिनाची तब्येत ओळखतो, हे खरे. पण दाब उतरण्याला आवाज नसतो. आवाज येतो तो धातूला धातू लागल्यावर. म्हणून शहरात माल वाहणाऱ्या जुन्या पिकअपसाठी आकडा दाखवणारा ऑइलच्या दाबाचा काटा मी सगळ्यात आधी ठेवेन.

पाण्याच्या तापमानाच्या काट्याबाबत एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. रेडिएटरचे झाकण आतला दाब वाढवून धरते. त्या दाबाखाली साधे पाणीसुद्धा १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते, आणि कूलंट मिसळल्यावर त्याहून थोडे वर. पण होजपाइप फाटून पाणी वाहून गेले, तर सेन्सर कोरडा पडतो. आता त्याच्याभोवती हवा आणि वाफ असते, आणि ती धातूची उष्णता पाण्यासारखी त्याच्यापर्यंत पोहोचवत नाही. इंजिनाचे हेड तापून वाकत असताना काटा खाली उतरलेला दिसू शकतो. चालक निर्धास्त राहतो आणि हेड गॅस्केट उडते. म्हणून जिथे जमेल तिथे पाण्यासोबत हेडच्या धातूचे तापमान मोजणारा, बोल्टखाली बसणारा सेन्सर घ्यावा किंवा कूलंटची पातळी घसरल्यावर वाजणारा अलार्म लावावा.

आता धुराच्या तापमानाचा काटा. अमेरिकेत जड ट्रेलर ओढणारे पिकअपचालक याला मानाचे स्थान देतात, आणि त्यांच्या रस्त्यांवर ते योग्य आहे. दोन वेगळे धातू एका टोकाला जोडून ते टोक तापवले की वीजदाब निर्माण होतो, हे १८२१ मध्ये शास्त्रज्ञ सीबेक यांच्या प्रयोगांतून पुढे आले. हा काटा त्याच तत्त्वावर चालतो. डिझेल इंजिनात हवेच्या मानाने इंधन जितके जास्त, तितका धूर तापतो. कसारा घाटात भरलेली गाडी चढताना तो ७०० अंशांच्या वर बराच वेळ राहिला, तर पिस्टन आणि टर्बो दोन्ही धोक्यात येतात. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि पिस्टनचा मिश्रधातू त्याही आधी. धुराचा काटा क्षणार्धात वर जातो, पाण्याचा त्याच्या बराच मागून. म्हणून नाशिकच्या खेपा करणाऱ्याने तो जरूर बसवावा आणि त्याची सळई टर्बोच्या आधी घालावी, कारण टर्बोनंतर धूर निवलेला असतो. त्यासाठी मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या नळाला, भोक पाडताना तो उतरवून घ्यावा, नाहीतर लोखंडाचा कीस थेट टर्बोच्या पात्यांवर जातो.

पण जी गाडी दिवसभर साकीनाका, मरोळ, असल्फा एवढ्यातच फिरते, तिचा आजार नेमका उलटा असतो. तिचा धूर पुरेसा तापतच नाही. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांनंतर डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ, सर्रास आली. साठलेली काजळी जाळायला सुमारे ६०० अंश लागतात, आणि सिग्नलला उभ्या गाडीचा धूर जेमतेम शे-दीडशे अंशांचा असतो. मग इंजिनाचा संगणक जादा डिझेल सोडून गाळणी तापवतो. ही जळणी अर्धवट असताना गाडी वारंवार बंद झाली, तर काही डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरते. ऑइल पातळ होते आणि त्याचा दाब घसरतो. अशा गाडीला धुराच्या काट्यापेक्षा काजळी किती साठली हे दाखवणारा, गाडीच्या तपासणीच्या (ओबीडी) सॉकेटला लागणारा रीडर जास्त उपयोगी आहे. जळणी चालू आहे असे त्याने दाखवले, तर चालक गाडी बंद न करता जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर थोडी पळवून आणू शकतो. मात्र हा रीडर आपल्या मॉडेलचा काजळीचा आकडा वाचतो का, हे विकत घेण्याआधी पाहावे.

नव्या गाडीत धोका दिसताच संगणक ताकद कमी करतो, मग काट्यांची गरज काय, असा आणखी एक आक्षेप असतो. संगणक इंजिन वाचवतो, पण माल भरलेली गाडी चढावर किंवा पुलाच्या मध्यावर रांगायला लागते. वेळेवर कळलेला आकडा मात्र चालकाला आधीच कडेला थांबायची संधी देतो. जास्त काट्यांनी रस्त्यावरचे लक्ष उडते, हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच दोन, फार तर तीन काटे असावेत, आणि प्रत्येकाला अलार्म. ऑइलच्या दाबासाठी विजेवर चालणारा सेन्सर घ्यावा. गरम ऑइलची नळी केबिनमध्ये आणू नये, आणि टी-जोड वापरून कंपनीचा दिवाही चालू ठेवावा. वॉरंटीतल्या गाडीची वायर कापण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारावे.

काटा बसला म्हणजे काम संपले असे नाही. तब्येत ठणठणीत असताना आपल्या गाडीचा आकडा काय असतो, हे माहीत नसेल तर काट्याचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात साकीनाक्याच्या सिग्नलला, इंजिन पूर्ण तापलेले असताना, ऑइलचा दाब वहीत लिहून ठेवावा. तोच आकडा महिन्याभराने त्याच सिग्नलला तेवढ्याच उष्णतेत कमी दिसला, तर ऑइल पातळ झाले असेल, पंप थकला असेल किंवा बेअरिंग झिजले असेल. दिवा लागायला अजून बरेच दिवस असतील. ते दिवस हातात असतानाच गाडी गॅरेजमध्ये न्यावी.