संगणकास वेळ कोण सांगतो?

गतवर्षीं परीक्षेचे अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशीं आमच्या कार्यालयांतील संगणक एकही संकेतस्थळ उघडीना. अकरा मुलांचे अर्ज राहिले होते व पालक दाराशीं उभे होते. अखेरीस एका विद्यार्थ्याच्या ध्यानांत आलें कीं, संगणकाची तारीख कित्येक वर्षें मागें गेली आहे. आंतील नाण्याएवढी बॅटरी संपली होती. संकेतस्थळाच्या ओळखपत्रास आरंभाची व अखेरची अशा दोन तारखा असतात. संगणकाच्या हिशेबीं तें ओळखपत्र अद्याप जन्मासच आलें नव्हतें, मग त्यानें विश्वास कसा ठेवावा! तारीख सुधारतांच अर्ज गेले.

बॅटरी चांगली असली तरीही हें घड्याळ सर्वस्वीं भरंवशाचें नसतें. त्यांतील क्वार्ट्झ नामक स्फटिक सेकंदास ३२,७६८ वेळां कंप पावतो. पण उष्णतेनें ह्या गतींत फरक पडतो. दहा लाखांत वीस एवढीच चूक झाली तरी दिवसास सुमारें पावणेदोन सेकंदांचें अंतर पडतें.

म्हणून संगणक बाहेरच्या घड्याळास वेळ विचारतो. अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड मिल्स यांची ही विचारपुशीची रीत १९८५ सालीं प्रसिद्ध झाली, तीस एन्. टी. पी. म्हणतात. अडचण अशी कीं, उत्तर हातीं येईपर्यंत तें शिळें झालेलें असतें. समजा, शाळेच्या घड्याळांत १० वाजतां आपण एका मुलास स्टेशनावर वेळ पाहण्यास धाडिलें. तो पोंचला तेव्हां स्टेशनाच्या घड्याळांत १०.१३ झाले होते. तेथें एक मिनिट थांबून तो निघाला व परतला, तों शाळेच्या घड्याळांत १०.२१ झाले. एकविसांतून थांबल्याचें एक मिनिट वजा करा. जाणें-येणें मिळून २०, म्हणजे एकेरी १०. तो १०.१४ ला निघाला, तेव्हां खरी वेळ १०.२४. शाळेचें घड्याळ ३ मिनिटें मागें!

परंतु मुलगा येतांना चिंचा पाडीत बसला तर हें गणित चुकतें. संगणकही असाच फसूं शकतो. म्हणून तो अनेक घड्याळांस पुनःपुन्हा विचारतो, व लवकर परतलेल्या उत्तरास अधिक मान देतो. चूक अल्प असल्यास तो काटा एकदम सरकवीत नाहीं, घड्याळाची चाल किंचित् जलद वा मंद करितो. घड्याळ एकाएकीं मागें गेलें तर बँकेच्या वहींत पैसे भरण्यापूर्वींच काढल्याचें दिसेल!

आपल्या देशाची प्रमाणवेळ नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा राखते. तेथें सीझियम अणूंचीं घड्याळें आहेत. त्या अणूच्या विशिष्ट प्रारणाचीं ९,१९,२६,३१,७७० आंदोलनें म्हणजे एक सेकंद. ही वेळ इंटरनेटवरून कोणत्याही संगणकास विचारतां येते. आमच्या संगणकांतही ती सोय होती. कोणीतरी ती बंद करून ठेविली होती.