नळजोडणीच्या अर्जाची पोच घ्याच

घरातच कारखाना थाटलेल्या कारागीर बांधवांना नळाचे काम म्हणजे बुडालेली रोजी. म्हणून कित्येकजण मध्यस्थाच्या हाती पैसे देऊन मोकळे होतात. परवानगी नसलेली जोडणी मात्र कधीही तोडली जाऊ शकते.

अर्ज स्वतः द्यावा. सांगली-मिरजेत १९९८ साली स्थापन झालेल्या महापालिकेकडे, साताऱ्यात भागानुसार नगरपालिकेकडे किंवा जीवन प्राधिकरणाकडे. काम परवानाधारक प्लंबरकडूनच करून घ्यावे.

२०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अर्जाची पोच मिळणे हा आपला हक्क आहे. तीत तारीख, अर्ज क्रमांक व मुदत असते. मुदत टळल्यास ३० दिवसांत अपील करता येते. दोषी अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. तोंडी विनंतीची मुदत कधीच सुरू होत नाही.