नेटिव्ह आणि क्रॉस-प्लॅटफॉर्म अ‍ॅप : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मोबाइल अ‍ॅप मुख्यतः दोन तऱ्हांनी लिहिले जाते. अँड्रॉइडसाठी कोटलिन किंवा जावात आणि आयफोनसाठी स्विफ्टमध्ये, असे दोन ठिकाणी वेगवेगळे लिहिले तर ते नेटिव्ह. एकदाच लिहिलेला कोड दोन्ही फोनांवर चालवला तर ते क्रॉस-प्लॅटफॉर्म. या दुसऱ्या वाटेवर आज फ्लटर आणि रिअ‍ॅक्ट नेटिव्ह ही नावे सर्वांत आधी घेतली जातात. दोन्ही वाटांविषयी ठाम मते पुष्कळ आहेत, पण त्यांतली बरीचशी जुन्या परिस्थितीवर बेतलेली आहेत.

क्रॉस-प्लॅटफॉर्म अ‍ॅप म्हणजे वेष्टनात गुंडाळलेली वेबसाइट, ही समजूत अजूनही टिकून आहे. एके काळी ती खरी होती. 2009 मध्ये आलेले फोनगॅप हे साधन एचटीएमएलमध्ये लिहिलेली पाने वेबव्ह्यूमध्ये, म्हणजे अ‍ॅपच्या आतल्या ब्राउझरमध्ये दाखवत असे. फेसबुकचे आयफोन अ‍ॅपही तेव्हा बरेचसे वेबपानांवर विसंबून होते आणि रखडत चाले. 2012 मध्ये कंपनीने ते नेटिव्ह पद्धतीने नव्याने लिहिले, आणि एचटीएमएल-5 वर नको इतकी भिस्त ठेवणे ही मोठी चूक होती, असे मार्क झुकरबर्ग यांनी जाहीरपणे मान्य केले. त्याच कंपनीने 2015 मध्ये रिअ‍ॅक्ट नेटिव्ह सर्वांसाठी खुले केले, आणि त्यात पडदा रंगवण्याचे काम वेबव्ह्यूकडे नव्हतेच.

रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्ये अ‍ॅपचा विचार जावास्क्रिप्ट करते. पडद्यावरचे बटण किंवा मजकुराचा रकाना मात्र अँड्रॉइडचा किंवा आयओएसचा स्वतःचा असतो. फ्लटरची रीत याच्या अगदी उलट आहे. डार्ट भाषेतला कोड आधीच प्रोसेसरच्या भाषेत उतरवला जातो आणि बटणापासून सावलीपर्यंत सगळे फ्लटरचे स्वतःचे इंजिन रंगवते. त्यामुळे या दोघांना एकाच मापाने मोजता येत नाही. 2025 मध्ये अ‍ॅपलने आयओएस 26 बरोबर ‘लिक्विड ग्लास’ हे काचेसारखे पारदर्शक रूप आणले, तेव्हा हा फरक डोळ्यांना दिसला. रिअ‍ॅक्ट नेटिव्ह अ‍ॅपमध्ये जिथे अ‍ॅपलचे मूळ घटक वापरलेले होते, तिथे एक्सकोड या अ‍ॅपलच्या अ‍ॅप-बांधणी साधनाच्या नव्या आवृत्तीने अ‍ॅप पुन्हा बांधल्यावर हे रूप आपसूक उतरले. फ्लटर अ‍ॅप होते तसेच राहिले, कारण त्यातले बटण अ‍ॅपलचे नव्हतेच. ज्या संस्थेला दोन्ही फोनांवर हुबेहूब एकच चेहरा हवा आहे तिला हे सोयीचेच वाटेल. अ‍ॅप आयफोनच्या वळणाचे दिसावे असा ज्यांचा आग्रह आहे, त्यांना ते खटकेल.

सर्वांत जास्त वाद वेगावरून होतो. पडदा सेकंदाला 60 वेळा बदलायचा असेल तर एका चित्रासाठी सुमारे 16.7 मिलिसेकंद मिळतात. 120 हर्ट्झच्या पडद्यावर जेमतेम 8.3. एवढ्या वेळात काम उरकले नाही तर यादी सरकवताना अडखळते. जुन्या रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्ये जावास्क्रिप्ट आणि फोन यांच्यातला प्रत्येक निरोप मजकुरात रूपांतरित होऊन एका पुलावरून जात असे, आणि लांब यादी भराभर सरकवली की त्या पुलावर गर्दी व्हायची. नव्या रचनेत हा पूल काढून टाकून थेट संपर्क आणला गेला आणि ऑक्टोबर 2024 मधल्या 0.76 आवृत्तीपासून ती रचना मूळ निवड झाली. फ्लटरचे दुखणे वेगळे होते: एखादे अ‍ॅनिमेशन पहिल्यांदा चालताना, ग्राफिक्सचा कोड ऐन वेळी तयार होत असल्याने, आयफोनवर झटका बसायचा. तो कोड आधीच तयार ठेवणारे इम्पेलर इंजिन 2023 पासून आयफोनवर मूळ निवड आहे. या तक्रारी खऱ्याच होत्या, फक्त त्या आता जशाच्या तशा लागू होत नाहीत.

नेटिव्ह लिहिले म्हणजे वेग हमखास मिळतो, हेही खरे नाही. कोटलिनमध्ये लिहिलेल्या अ‍ॅपने डेटाबेस वाचण्याचे जड काम मुख्य थ्रेडवर केले तर तेही गोठते, आणि स्पर्शाला पाच सेकंद प्रतिसाद मिळाला नाही तर अँड्रॉइड ‘अ‍ॅप प्रतिसाद देत नाही’ अशी सूचना दाखवते. फॉर्म, याद्या, नकाशे, पैसे भरणे एवढेच काम असलेल्या अ‍ॅपमध्ये दोन्ही वाटांमधला फरक वापरणाऱ्याला सहसा जाणवत नाही. कॅमेऱ्याच्या चित्रावर त्याच क्षणी प्रक्रिया करणे, ध्वनिमुद्रणाचे संपादन किंवा सतत चालणारे ब्लूटूथ अशा कामांत मात्र नेटिव्हचे पारडे आजही जड आहे.

मराठी मजकुराच्या अडचणींचे खापरही अनेकदा चुकीच्या जागी फोडले जाते. ‘नमस्ते’ या शब्दाची लांबी विचारली तर डार्ट आणि जावास्क्रिप्ट 6 सांगतात, कारण न, म, स, हलन्त, त आणि एकाराची मात्रा हे सुटे घटक मोजले जातात. नेटिव्ह म्हणवणारी कोटलिनही 6 च सांगते. स्विफ्ट मात्र डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांच्या जवळ जाणारी, म्हणजे त्याहून कमी संख्या देते. नाव दहा ‘अक्षरांत’ कापणारा कोड निष्काळजीपणे लिहिला तर मात्रा तुटते आणि जोडाक्षर मोडते. हा प्रश्न भाषेच्या मोजणीचा आहे, वाटेच्या निवडीचा नाही, आणि देवनागरीत अ‍ॅप बनवणाऱ्याने त्याची तपासणी दोन्हीकडे करायलाच हवी.

‘एक कोड म्हणजे निम्मा खर्च’ हे गणित ऐकायला आकर्षक आहे, पण सर्व्हर, रेखाटन, भाषांतर आणि दोन्ही फोनांवरची चाचणी यांचा खर्च कोड एक झाल्याने निम्मा होत नाही. आयफोनचे होमस्क्रीन विजेट फ्लटर अ‍ॅपलाही स्विफ्टमध्येच लिहावे लागते. आयफोनसाठी अ‍ॅप बांधायला मॅक आणि एक्सकोड लागतेच, मग तो मॅक भाड्याच्या सर्व्हरवर का असेना. अ‍ॅपलची वार्षिक 99 डॉलरची आणि गूगल प्लेची एकदाच भरायची 25 डॉलरची नोंदणी फीही कोणत्याच वाटेने चुकत नाही. लहान गटाची बचत होते ती पडदे आणि नियम दोनदा लिहावे न लागण्यात, आणि ही बचत मोठी असू शकते. भारतात घरोघरी पोहोचलेले गूगल पे फ्लटरमध्ये नव्याने लिहिले गेले, ते यामुळेच.

एअरबीएनबीने 2018 मध्ये रिअ‍ॅक्ट नेटिव्ह सोडल्याचे उदाहरण नेहमी दिले जाते, पण ते अर्धेच सांगितले जाते. त्या कंपनीकडे आधीच दोन मोठी नेटिव्ह अ‍ॅप होती आणि त्यांच्या पोटात रिअ‍ॅक्ट नेटिव्हचे काही पडदे बसवले होते. परिणामी दोनाऐवजी तीन ठिकाणचा कोड सांभाळावा लागला. त्याउलट शॉपिफायने 2020 मध्ये पुढची मोबाइल अ‍ॅप रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्ये करण्याचे जाहीर केले. दोन्ही निर्णय आपापल्या जागी समजण्यासारखे आहेत.

देखभालीचा मुद्दा निवडीच्या वेळी सर्वांत कमी विचारात घेतला जातो. झामरिन या क्रॉस-प्लॅटफॉर्म साधनाला मायक्रोसॉफ्टचा आधार होता, तरी 1 मे 2024 रोजी त्याचे पाठबळ संपले आणि त्यावर उभी असलेली अ‍ॅप दुसरीकडे हलवणे भाग पडले. गूगल प्लेने नोव्हेंबर 2025 पासून अँड्रॉइड 15 व त्यापुढच्या आवृत्त्यांसाठीच्या अ‍ॅपना 16 केबी मेमरी-पानांची, म्हणजे फोनने मेमरी 16 केबीच्या तुकड्यांत वाटली तरी चालण्याची, अट लावली. ती निव्वळ कोटलिनमधल्या अ‍ॅपला फारशी जाचत नाही; फ्लटर किंवा रिअ‍ॅक्ट नेटिव्हच्या अ‍ॅपला मात्र साधनाची नवी आवृत्ती घ्यावी लागते, आणि वापरलेल्या प्रत्येक प्लगइनच्या कर्त्यानेही तशी दुरुस्ती केलेली असावी लागते.

या दोन टोकांच्या मधली जागाही आता रिकामी नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये स्थिर घोषित झालेल्या कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्ममध्ये हिशेब, नियम आणि सर्व्हरशी बोलणारा भाग एकदाच लिहायचा, आणि पडदे हवे तर दोन्हीकडे नेटिव्हच ठेवायचे, अशी सोय आहे. आधीच अँड्रॉइड अ‍ॅप चालवणाऱ्या गटाला या वाटेने जुना कोड न टाकता एकेक भाग आयफोनवर नेता येतो.