पाठ सांभाळणारी इमारत

वृद्धाश्रमात काम करणाऱ्यांच्या शरीरावर सर्वांत मोठा भार पडतो तो माणूस उचलण्याचा. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांची कूस बदलणे, त्यांना पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून कमोडवर बसवणे ही कामे एकाच पाळीत कितीदा तरी करावी लागतात. म्हातारे माणूस मध्येच घाबरते, अंग सैल सोडते, हात घट्ट धरते. तो हिसका त्यांची देखभाल करणाऱ्या मावशींच्या कमरेला बसतो. अमेरिकेतील 'नायॉश' या कामगार-आरोग्य संस्थेच्या संशोधकाने 2007 साली रुग्णाला हातांनी उचलण्याची मर्यादा 35 पौंड, म्हणजे जेमतेम 16 किलो सुचवली, तीही परिस्थिती अनुकूल असेल तरच. अगदी कृश आजीसुद्धा या मर्यादेत बसत नाही. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात परिचारिकांच्या संघटनेने 1998 मध्येच 'उचलणे नको' हे धोरण पुढे आणले. जपान सरकारच्या 2013 च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: माणसाला केवळ हातांच्या बळावर उचलू नये.

मग उचलायचे कशाने? झोळी लावलेल्या यंत्राने. पण यंत्र विकत घेऊन काम भागत नाही. त्याचे पाय पलंगाखाली सरकले पाहिजेत आणि खोलीत ते वळवता आले पाहिजे. छताला रूळ बसवायचा असेल, तर स्लॅबची ताकद बांधकामाआधीच ठरवावी लागते. पलंग वरखाली होणारा हवा. काम करताना तो कमरेच्या उंचीला आणि रात्री पडण्याची भीती नको म्हणून जमिनीलगत.

खरी कसोटी लागते न्हाणीघरात. आपल्याकडे पाणी अडवायला उंबरा घालतात आणि प्रत्येक आंघोळीला चाकाची खुर्ची त्यावरून उचलावी लागते. उंबऱ्याऐवजी जमिनीला उतार द्यावा. कमोड कोपऱ्यात न कोंबता त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहायला जागा ठेवावी. दार सरकते असावे.

चादरी, डायपर, हातमोजे खोल्यांजवळच्या कपाटात असले की पायपीट वाचते. रात्रपाळीला मार्गिकेत मंद उजेड पुरतो, पण औषधे काढण्याच्या ओट्यावर तो लख्ख लागतो.

कर्मचाऱ्यांची खोली मात्र बहुतेक वेळा नकाशात शेवटी उरलेल्या जागेत, अनेकदा जिन्याखाली जाते. हे अन्यायाचे आहे. तिला खिडकी हवी, पाय पसरून बसण्याची सोय हवी, कपडे बदलायला आडोसा आणि कुलपाचे कप्पे हवेत. ज्या आजींना वर्षानुवर्षे भरवले, त्या पहाटे गेल्या, तर मावशींना दोन घटका रडायलाही जागा लागते.

आपल्या देशातील 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार वृद्धांची सोय होईल असा निदान एक आश्रम असावा, अशी तरतूद आहे. त्यासाठी उभ्या राहणाऱ्या नव्या इमारतींत हे सारे आधीच साधता येईल. जुन्या बंगल्यांतल्या आश्रमांनाही हातपाय गाळण्याचे कारण नाही. भिंतीला चिकटलेला पलंग पुढे ओढला की दोघी मावशींना दोन्ही बाजूंनी उभे राहता येते. गुळगुळीत कापडाच्या दुपदरी चादरीवरून माणूस न उचलता सरकवता येतो.

नवे बांधकाम काढणाऱ्या संस्थांनी एवढे करावे: नकाशा पक्का होण्याआधी न्हाणीघर खऱ्या मापात जमिनीवर खडूने आखावे आणि मावशींना त्यात चाकाची खुर्ची फिरवून बघायला सांगावे.