वाळूजच्या बॉयलरमधील ठिणगी

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतील बिअर आणि औषधांच्या कारखान्यांना वाफ लागते, आणि तेल वा वायूवर चालणाऱ्या बॉयलरचा जो बर्नर पूर्वी पेटत्या बोळ्याने हातांनी पेटवला जाई, तो आज इग्निशन ट्रान्सफॉर्मरच्या हजारो व्होल्टच्या ठिणगीने पेटतो. त्याआधी पंखा भट्टीत साचलेला ज्वलनशील वायू बाहेर लोटतो; या क्रियेला पर्ज म्हणतात. तो टाळणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण. ठिणगीने आधी लहानशी पायलट ज्योत पेटते, अतिनील किरण टिपणारा संवेदक ती पेटल्याची खात्री करतो आणि मगच मुख्य इंधनाची झडप उघडते. ज्योत न दिसल्यास काही सेकंदांत इंधन तोडले जाते. खरी मोलाची प्रगती ठिणगीपेक्षा या पडताळणीत आहे. तरी ठिणगीतही सुधारणा झाली आहे: उच्च-ऊर्जा इग्नायटर कपॅसिटरमध्ये साठवलेली ऊर्जा एकाच झटक्यात सोडतो, म्हणून काजळी धरलेल्या टोकावरही त्याची ठिणगी पडते.